फावल्या दिवसाचा छंद आणि घरालगतचा मुलूख

शेतकऱ्यास सुटी नसते, हे वाक्य सरकारी नोकरीत असता आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, एखाद्या कलमासारखे ते आम्हांस पाठ झाले आहे. वाक्य खोटे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती सन १८९० च्या जून महिन्यात, नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षे नेटाने चालविलेल्या खटपटीनंतर. शेतकऱ्यासाठी अशी खटपट कोणी केली नाही. आणि केली असती तरी आज रविवार आहे, आज धार काढावयाची नाही, हे गाईस कोण सांगणार?

तथापि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सारख्याच घाईचे असतात असे मात्र कोणाही अनुभवी शेतकऱ्याने शपथेवर सांगू नये. खुरपणी आटोपल्यापासून काढणी लागेपर्यंत एक फट पडते. चैत्र-वैशाखात, नांगरट होऊन ढेकळे तापत पडली म्हणजे दुसरी पडते. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असते त्या आठवड्यात दिवस मोकळा असतो, जरी डोळे मिटत असले तरी. हे मोकळे दिवस जातात कोठे? काही पारावर जातात, काही लग्नांच्या मांडवांत, काही हल्ली हातातल्या मोबाइलवर. पुष्कळसे कचेरीच्या ओट्यावर नक्कल मिळण्याची वाट पाहण्यात जातात. त्यांतले कित्येक आमच्याच टेबलासमोर गेले, हे येथे कबूल केलेच पाहिजे. त्या अपराधाची अंशतः भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहो असे वाचकांनी समजावे.

आमचे सारे आयुष्य जुन्नर तालुक्यात गेले. शिक्षण मराठी शाळेतले, नोकरी महसूल खात्यात कारकुनाची. पावसाळ्यात रोज मंडळांकडून पावसाचे आकडे येत. ते तक्त्यात मांडून वर पाठविणे हे काम बरीच वर्षे आमच्याकडे होते. घाटाकडील मंडळाच्या रकान्यात मोठा थोरला आकडा असावा आणि त्याच सकाळी पूर्वेकडील रकान्यात शून्य असावे, हे आम्ही स्वहस्ते कितीदा लिहिले याची गणती नाही. बेरीज जुळली की तक्ता पुढे जाई. त्या दोन रकान्यांच्या मध्ये किती कोस आहेत आणि तेवढ्या कोसांत जमीन, पीक व माणसाचे जिणे कसे पालटत जाते, हे पाहावयास आम्ही एकदाही गेलो नाही. नाणेघाट जुन्नरपासून तीस किलोमीटरांच्या आसपास. पण निवृत्त होईतो आमचे त्या बाजूस जाणे झाले ते निवडणुकीची यंत्रे घेऊन, आणि परतणे झाले ते रात्रीच्या अंधारात.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने फार वाईट गेले. सकाळी दहा वाजता पाय आपोआप बसस्टँडकडे वळत. कोणी भजनी मंडळात यावे म्हणाले, कोणी पतसंस्थेची निवडणूक लढवावी म्हणाले. गळा नसल्याने पहिले जमले नाही व दुसऱ्याची धास्ती वाटली. मग ज्या गोष्टीचे आकडे जन्मभर लिहिले ती गोष्ट एकदा डोळ्यांनी मोजावी असे मनात येऊन आम्ही अंगणात एक पर्जन्यमापक बसविला.

नाव मोठे आहे, वस्तू लहान. बुडापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीची, सपाट बुडाची एक पारदर्शक बरणी घ्यावी, तिला बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी आणि ती उघड्यावर, खांबाला घट्ट बांधून ठेवावी. जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी पाहावे, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे; आकडा वहीत लिहून पाणी ओतून द्यावे. बरणी बुडाशी निमुळती असेल तर आकडा खोटा येतो. औषधफवारणीचे रिकामे डबे या कामी, किंवा घरातल्या कोणत्याही कामी, घेऊ नयेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठ्यावर सुमारे एकशे एक लिटर आणि एकरावर चार हजार लिटरांहून थोडे अधिक. वीस मिलिमीटरांची एक चांगली सर एकरभर रानावर ऐंशी हजार लिटर पाणी टाकून जाते, म्हणजे दहा हजार लिटरांचे आठ टँकर. हा हिशेब आम्ही प्रथम केला तेव्हा आमचे आम्हांसच नवल वाटले. जन्मभर लिहिलेल्या आकड्यांत टँकर दडलेले होते, आणि आम्ही त्यांच्या बेरजा करीत होतो.

छंद एकट्याने करण्यात गोडी असते खरी, पण ती पुरी नसते. आमचे एक स्नेही कालव्याखालचे बागाईतदार आहेत. द्राक्षे, टोमॅटो आणि थोडा ऊस. त्यांस आम्ही अण्णा म्हणतो, ते आम्हांस जुन्या सवयीने भाऊसाहेब म्हणतात. पुरते नाव देत नाही, कारण हा अंक त्यांच्याही घरी जातो. एका वर्षी उन्हाळी आवर्तन लांबले, त्यांची टोमॅटोची लागण ऐन भरात सुकू लागली आणि अण्णांनी आमच्या अंगणात येऊन वरच्या लोकांचा उद्धार केला. वरचे लोक पाणी अडवून बसतात, त्यांच्याकडे पाऊस धो धो पडतो तरी त्यांचे भागत नाही, असा एकंदर आशय होता.

येथे कुकडी प्रकल्पाची माहिती दोन शब्दांत दिली पाहिजे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे अशी या प्रकल्पाची पाच धरणे. माणिकडोह हे कुकडीवरचेच, जुन्नरच्या वर. त्यातले पाणी खाली येडगावास येते आणि येडगावहून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत करीत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जाते. कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी आपल्या सभांतून वरच्या लोकांविषयी नेमके हेच बोलत असतात. आणि त्यांच्या हिशेबाने वरचे लोक म्हणजे आमचे अण्णा. हे आम्ही त्यांस सांगून पाहिले. त्यांस ते पटले नाही, उलट राग आला. तेव्हा आम्ही म्हणालो, अण्णा, येत्या रविवारी वीज रात्रीची आहे. चला, वरचे लोक पाहून येऊ.

वैशाखातला दिवस होता. पहाटे भाकरी, लसणाची चटणी व दोन कांदे फडक्यात बांधून अण्णांच्या मोटारसायकलीवरून निघालो. शिवनेरी मागे टाकून आपटाळ्याच्या वाटेस लागले की ऊस सरतो, विहिरी सरतात आणि डोंगर अंगावर येऊ लागतात. धरणाचे पाणी बरेच खाली गेलेले होते. उघड्या पडलेल्या गाळात कोठे कोठे हिरवे पट्टे दिसत होते, ती गाळपेर. अण्णांनी गाडी थांबविली. गाळाच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, दगडी बांधांच्या ओळी वर आल्या होत्या, एकाखाली एक, खाचरांच्या पायऱ्या असाव्यात तशा. अण्णा उतरून त्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि बुटाच्या टाचेने दगड दाबून पाहू लागले. "भाऊसाहेब, हा बांध हाताने रचलाय," ते म्हणाले, "दोन पिढ्यांचं काम असणार हे." धरण सन १९८४ च्या सुमारास पुरे झाले. इतकी वर्षे वर्षातले बरेच महिने पाण्याखाली राहूनही तो बांध जागचा हलला नव्हता. चांगले काम ओळखावयास अण्णांस कागद लागत नाही. आमच्या हातून मात्र त्या बुडीत जमिनींचे कागद नोकरीत कैक वेळा गेले होते, आणि त्या कागदांत बांध कोठेही नव्हता.

पुढे चावंडचा किल्ला. त्यावरची सात टाकी आम्ही पुढील हिवाळ्यात पाहिली. त्या दिवशी ऊन फार होते. पूर गावाजवळ कुकडेश्वराचे कोरीव दगडी देवालय आहे, तेथे कुकडीचा उगम मानतात. बारा नद्यांच्या उगमांशी शिलाहार झंझ राजाने बारा शिवालये बांधविली व हे त्यांतले एक, अशी परंपरागत समजूत आहे. जिच्या नावाने पाच धरणांचा प्रकल्प चालतो ती नदी वैशाखात तेथे म्हणजे केवळ दगडांची एक वाट होती. अण्णांनी पात्रात उतरून दगड उलटवून पाहिले. खाली ओलसुद्धा नव्हती.

तेथून घाटघर व नाणेघाट. या घाटाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून आम्ही आवरते घेतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल या वाटेने वर जुन्नरास व पुढे पैठणास जाई. घाटमाथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. त्यात जकातीचे नाणे टाकीत असे सांगतात. सांगणे खरे असेल तर आमच्या खात्याचे ते फार जुने दप्तर म्हटले पाहिजे, आणि त्यात नक्कल मागण्याची सोय नव्हती. गुहेतल्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांचा जुना. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो १८२८ साली पाहून विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे, इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. आणि संख्या अंकांत लिहिल्या आहेत. भारतातल्या अंकलेखनाच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. अण्णांस गाईंच्या आकड्यात रस वाटला, आम्हांस रकान्यांत.

पण घाटाच्या कड्यावर उभे राहिल्यावर जे समजले ते नकाशावरून कधी समजले नव्हते. पायाखालची धार हा पाणलोटाचा दुभाजक आहे. तिच्या पश्चिमेस पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्रास जातो. हातभर पूर्वेस पडलेला थेंब कुकडीतून घोडीत, घोडीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत असा अवघा देश ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळतो. समुद्रावरून आलेला वारा या भिंतीवर चढताना थंड होतो व आपले पाणी येथेच टाकतो. भिंत ओलांडून खाली उतरला की तो पुन्हा तापतो आणि कोरडा होत जातो. आमच्या तक्त्यातले ते दोन रकाने म्हणजे या वाऱ्याचे चढणे व उतरणे होते.

परत येताना एका वाडीपाशी पाणी मागितले. आमच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. वाडीच्या खालच्या अंगास एका खडकाच्या कपारीत झिरा होता. तेथे एक म्हातारी बाई वाटीने पाणी भरीत बसली होती. वाटी बुडेल इतके पाणी साचले की ती हंड्यात ओती आणि पुन्हा वाट पाही. आम्ही "आजी, पाणी मिळेल का?" असे विचारताच ती उठली, आम्हांस घरी घेऊन आली व तांब्या भरून दिला. अण्णा अर्धा तांब्या प्यायले आणि उरलेल्याने, आपल्या मळ्यात मोटारीपाशी करतात त्याच सवयीने, तोंड धुऊ लागले. आजी काही बोलली नाही. तिने पायाने एक पत्र्याचा डबा हळूच पुढे सरकविला. डब्यात मिरचीचे रोप होते. अण्णांच्या हनुवटीवरून गळणारे पाणी त्या रोपावर पडले.

अण्णांच्या ध्यानात यावयास थोडा वेळ लागला. ध्यानात आल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला व आम्ही दोघेही ओसरीवर बसलो. बोलणे निघाले. तिची भाताची खाचरे धरणात गेली होती. आता वरच्या उतारावर नाचणी, वरई, थोडी खुरासणी आणि रानातला हिरडा. आषाढात आठ आठ दिवस घराबाहेर पडता येत नाही, लाकडे भिजून चूल पेटत नाही, असे ती म्हणाली. इतका पाऊस आणि तरी वाटीने पाणी! कारण डोळ्यांसमोरच होते. उतार उभा, माती वीतभर, खाली अखंड काळा पाषाण. पडलेले पाणी थांबावयास जागाच नाही. ते धावत खाली जाते, आणि धरण वाडीच्या खाली आहे. खालचे पाणी वर चढवावयाचे तर पंप, नळ व विजेचे बिल आले. ज्यांच्या अंगणात पाऊस पडतो ते पाणी अडवून बसले आहेत, हे अण्णांचे म्हणणे निदान या वाडीपुरते तरी कोणासही तेथे उच्चारता आले नसते. अण्णांनी हिरड्याचा भाव विचारला, तो ऐकून आमच्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

उतरताना ते बराच वेळ गप्प होते. धरणाच्या वळणावर मात्र म्हणाले, "ते सगळं खरं, भाऊसाहेब, पण आवर्तन वेळेवर हवंच." हे आम्हांसही मान्य आहे. टोमॅटोच्या रोपास पाणलोटाचा भूगोल सांगून भागत नाही.

त्यानंतर आमच्या फेऱ्या चालू राहिल्या त्या अण्णांच्याच आग्रहाने. नदी वर पाहिली तशी खाली पाहावी म्हणून आम्ही निघोजला गेलो. तेथे कुकडीने काळ्या खडकात रांजणखळगे कोरले आहेत. पुरात वाहून आलेले गोटे भोवऱ्यात सापडून गरगरतात व जात्याप्रमाणे खडक घासून काढतात. मानमोडीच्या डोंगरातील लेण्यांतही एक रविवार गेला. तेथील ब्राह्मी लेखांत जमिनींच्या दानांच्या नोंदी आहेत. अदुथुम नावाच्या एका शकाने करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने व वडांसाठी नऊ निवर्तने दिली, असे एका लेखात आहे. निवर्तन हे त्या वेळचे जमिनीचे माप. दाता, गाव, क्षेत्र व जमिनीचा उपयोग: सातबाऱ्यात याहून अधिक ते काय असते? खोडदची दुर्बीण तर आमच्या स्नेह्यांच्या मळ्यांशेजारीच. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी व उरलेल्या तीन दिशांस पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनास, फेब्रुवारीच्या २८ तारखेच्या सुमारास, तेथे सर्वांसाठी प्रदर्शन भरते. शाळकरी मुले सोबत न्यावीत.

दोन सूचना अनुभवाच्या आहेत. आषाढ-श्रावणातल्या रविवारी नाणेघाटास जाऊ नये. त्या दिवशी शहरांतून इतकी गर्दी लोटते की, धबधब्यापेक्षा गाड्याच अधिक दिसतात. शेतकऱ्याने मधलाच वार धरावा, कारण त्याचा रविवार त्याच्या हाती आहे. आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी यावे. आमच्या भागात बिबट्या रानापेक्षा उसातच अधिक राहतो, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

खर्च म्हणाल तर पेट्रोल व भाकरी. छंद म्हणाल तर तो पावसाचाच असावा असा आमचा हट्ट नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ओढ्यावरचे पक्षी लिहून ठेवतात. दुसरे जुन्या गावठी आंब्यांच्या काड्या आणून कलमे बांधतात, आणि त्या निमित्ताने त्यांस कोणत्या बांधावर कोणता आंबा होता याची नोंद तोंडपाठ झाली आहे. आम्ही पावसाविषयी बोलतो ते आमचे त्यातच आयुष्य गेले म्हणून.

आता त्या वाडीचे राहिलेले सांगतो. त्या वर्षी मृगाच्या तोंडावर अण्णा एक काचेची बरणी व पट्टी घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, ही आजीच्या अंगणात बांधू. आजीची नात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत होती. तिला साडेआठची वेळ, पट्टी वाचणे व पाणी ओतणे हे सारे समजावून दिले, एक शंभर पानी वही दिली. पावसाळाभर वर जाणे झाले नाही. अण्णांची लागण होती, आम्हांस गुडघा होता. आमच्या अंगणातल्या बरणीचे बूड पुष्कळ दिवस जेमतेम ओले होई.

दिवाळीच्या आधी भात पिवळे पडू लागले तेव्हा गेलो. नातीने वही आणून दिली. पहिली पाने नीट होती, तारीख व आकडा, सुवाच्य अक्षरात. आषाढाच्या पानावर मात्र आकडे थांबले होते. तेथे लिहिले होते: "भरली. ओतली. परत भरली." त्याखाली सलग सहा दिवस कोरे. विचारले तेव्हा कळले की, वही भिजेल म्हणून आजीने ती तांदळाच्या कणगीत ठेवून दिली होती व ऊन पडेपर्यंत कणगीचे तोंड उघडू दिले नाही. अण्णांनी ते पान दोनदा वाचले. आमची वही मागून घेतली, त्याच तारखांसमोरचे आमचे आकडे पाहिले आणि दोन्ही वह्या मांडीवर शेजारी ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग नातीस म्हणाले, "चूक तुझी नाही, बरणी बुटकी आहे."

हल्ली ते जुन्नरच्या बाजारात दुप्पट उंचीच्या, सरळ बुडाच्या बरणीची चौकशी करीत आहेत. अद्याप मिळालेली नाही.